हॉटेलच्या खोलीत वायफाय येत नाही, पण भिंतीत लॅनचं, म्हणजे वायरने इंटरनेट घ्यायचं, सॉकेट आहे. त्यावर टॅब आणि किंडल कसं चालवायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कंपनीच्या कामासाठी कोल्हापूरहून नवी मुंबईत महापेला आलात, १२ दिवसांचा मुक्काम आहे. खोलीत वायफायची एखादी दांडी दिसते आणि जाते, मोबाइलची रेंजही जेमतेम. सोबत सिम नसलेला अँड्रॉइड टॅब आणि किंडल आहे, लॅपटॉप नाही. टेबलामागे लॅनचं सॉकेट दिसतंय, त्याचा काही उपयोग होईल का?

होईल. मी ऐरोलीत राहतो आणि २००७ पासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हॉटेलांत नि गेस्ट हाउसांत केबल ओढायचं काम करतो. तुमच्या टेबलामागे आहे तशी सॉकेटं किती बसवली त्याचा हिशोब नाही. त्यातली निम्मी आज कोणी वापरत नाही, याचं वाईट वाटतं, कारण त्या खोलीतलं सगळ्यात भरवशाचं इंटरनेट तिथेच असतं.

वायफायचा डबा बाहेर पॅसेजमध्ये छताला असतो. खोलीत शिरल्यावर पहिलं काय लागतं? बाथरूम. म्हणजे टाइल्स, पाण्याचे पाइप आणि भला मोठा आरसा. हे सगळं ओलांडून खिडकीजवळच्या टेबलापर्यंत येईतो सिग्नलमध्ये जीव राहत नाही. वायर भिंतीतल्या पाइपातून थेट मजल्यावरच्या रॅकला, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या कपाटाला जाते. शंभर मीटरच्या आत असली की तिला आरशाशी काही देणंघेणं नसतं.

सॉकेट जिवंत आहे का ते आधी बघा. बऱ्याच फेसप्लेटवर दोन भोकं असतात, एक टेलिफोनचं आणि एक लॅनचं. लॅनचं रुंद, आत आठ सोनेरी पिना. टेलिफोनची बारकी पिन लॅनच्या भोकात सैलसर बसते, त्यामुळे लोक फसतात. लॅन केबल रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये बहुधा असतेच, मागून घ्या. एक टोक भिंतीत घालायचं, दुसरं ज्या यंत्रात घालाल त्याच्यावर बारका दिवा लागायला हवा. नाही लागला तर पिन चारपाच वेळा आत-बाहेर करा. खाडीकाठच्या खारट हवेत, त्यातून पावसाळ्यात, या पिना काळ्या पडतात आणि घासल्या की पुष्कळदा शुद्धीवर येतात.

तरीही दिवा नाही? मग वायर वर रॅकमध्ये कुठे जोडलेलीच नाही. पाहुणे लॅन वापरेनासे झाले तशी हॉटेलांनी ती पोर्टं कॅमेऱ्यांना आणि टीव्हींना देऊन टाकली. अशा वेळी रिसेप्शनला “इंटरनेट चालत नाही” म्हणू नका, तो मुलगा तुम्हाला वायफायचा पासवर्डच पुन्हा लिहून देईल. “आमच्या रूमच्या लॅन पॉइंटला रॅकमधून पॅच द्यायला सांगा,” असं नेमकं म्हणा. पॅच म्हणजे रॅकमध्ये तुमची वायर जोडून देणं. त्यांच्या मेंटेनन्सवाल्याचं दोन मिनिटांचं काम आहे. टीव्हीच्या मागची वायर उपटून बघायचा मोह मात्र टाळा. ती बहुधा वेगळ्या जाळ्यावर असते, तिच्यावर चॅनेल येतील पण इंटरनेट येईलच असं नाही, आणि टीव्ही बंद पडला म्हणून रात्री दाराशी माणूस येईल तो वेगळाच. छताकडे जाणाऱ्या वायरींना तर हातच लावू नका. त्यांतून डब्यांना नि कॅमेऱ्यांना वीजही जाते.

आता टॅब. टाइप-सी ते लॅन कन्व्हर्टर मिळतो, दुकानात ‘यूएसबी लॅन’ म्हटलं की कळतं. टॅबला ओटीजी (चार्जिंगच्या तोंडाला दुसरं यंत्र जोडायची सोय) चालत असेल तर तो लावला की अँड्रॉइड आपणहून ओळखतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. घेताना आतली चिप रिअलटेकची किंवा एसिक्सची आहे ना, हे विचारा. अगदी स्वस्तातले काही येतात ते अँड्रॉइडला ओळखूच येत नाहीत. शिवाय त्यांत एक गंमत असते: त्यातल्या कित्येकांचा मॅक पत्ता एकच असतो. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक नेटवर्क यंत्राचा स्वतःचा क्रमांक, तो वेगवेगळा असायला हवा. कारखान्याने आळस केला की असली शेकडो डोंगलं, म्हणजे हेच कन्व्हर्टर, एकाच नावाची होतात. तुमच्या मजल्यावर आणखी कोणी तसलंच डोंगल लावलं, तर हॉटेलचं जाळं गोंधळतं आणि दोघांचंही नेट आळीपाळीने जातं. मी एकदा अख्खी दुपार केबल तपासत बसलो होतो, दोष निघाला तो हा.

कन्व्हर्टर लावल्यावर टॅबचं चार्जिंगचं तोंड अडतं, हेही ध्यानात ठेवा. शेजारी चार्जर लावायची सोय असलेला हब घेतलात तर बरं. आणि सेटिंग्जमध्ये ‘इथरनेट टेदरिंग’ नावाचं बटण दिसेल ते चालू करू नका. ते उलट्या दिशेचं आहे, टॅबचं इंटरनेट वायरने दुसऱ्याला देण्यासाठी.

किंडलला मात्र वायर चालत नाही, त्याला वायफायच हवं. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर एक रात्र भागवायची युक्ती आहे: कन्व्हर्टर टॅबऐवजी फोनला लावा, मोबाइल डेटा बंद करा आणि हॉटस्पॉट चालू करा. माझ्या फोनवर वायरचं नेट तसंच पुढे वायफायवर जातं, सगळ्या फोनांवर जाईलच असं नाही. आयफोन फक्त स्वतःचा मोबाइल डेटा वाटतो, तिथे हा जुगाड नाही. पण १२ दिवस फोन टेबलाला बांधून ठेवणार का?

म्हणून माझा सल्ला वेगळा. छोटा प्रवासी राउटर घ्या. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८०२एन माझ्या बॅगेत असतो, पेढ्याच्या छोट्या डबीएवढा, मोबाइलच्या साध्या चार्जरवर चालतो. भिंतीतली वायर त्याच्यात घातली की खोलीत तुमचं स्वतःचं वायफाय. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, वेगही ताज्या राउटरांइतका नाही, पण जुन्या किंडलला २.४च लागतं आणि पुस्तक उतरवायला असं किती लागणार! महाग घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तो ‘राउटर’ मोडवर ठेवा, ‘ॲक्सेस पॉइंट’वर नको. का, ते सांगतो.

हॉटेलच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचं नाव नव्हे, एक मॅक पत्ता. लॉगिन त्या पत्त्याला मिळतं. राउटर मोडमध्ये हॉटेलला फक्त ही राउटरची डबी दिसते, तिच्यामागे टॅब, किंडल, फोन किती का असेनात. एकदाच लॉगिन करायचं, ते डबीच्या नावावर चढतं आणि बाकीचे तिच्या पदराखाली आत जातात. ‘एका खोलीला दोनच डिव्हाइस’ असा नियम असला तरी तुमचं एकच मोजलं जातं. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये प्रत्येक यंत्र हॉटेलपुढे वेगळं उभं राहतं आणि प्रत्येकाला लॉगिन मागितलं जातं. किंडलच्या ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान भरून पाहा, मग माझी आठवण काढाल.

ते पान येईना हा दुसरा रोजचा त्रास. हॉटेलची यंत्रणा तुमची साध्या एचटीटीपी पानाची मागणी अडवते आणि मध्ये स्वतःचं पान घुसवते. आता जवळपास सगळ्या साइट कुलूपबंद एचटीटीपीएसवर असल्याने तिला घुसता येत नाही. ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, ती साइट यासाठीच मुद्दाम साधी ठेवलेली आहे. तरी नाही आलं तर टॅबच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), व्हीपीएन असेल तर लॉगिन होईपर्यंत तेही. राउटरमध्येही डीएनएस आपोआपवरच राहू द्या, हाताने भरलेत तर लॉगिनचं पान बऱ्याचदा सापडत नाही.

पान खोली क्रमांक आणि आडनाव विचारत असेल तर आणखी एक देशी अडचण. आधारवर आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं, काही कागदांवर आडनाव आधी. रिसेप्शनवर जसं टाइप झालं तसंच यंत्राला पाहिजे. पाटील चालत नसेल तर स्वतःचं नाव टाकून बघा. हसू नका, हेच कारण मला डझनभर वेळा सापडलंय.

पान ओटीपी मागत असेल तर फोन नंबर द्यावाच लागेल, त्यातून सुटका नाही. याला आमच्याच नवी मुंबईचा इतिहास आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं वायफाय पासवर्डशिवाय उघडं होतं, दुसऱ्यानेच ते वापरलं होतं. त्या आठवड्यात “आमच्यापण वायफायला कुलूप लावून द्या” म्हणून मला वाशी-नेरुळहून इतके फोन आले की केबलचं काम बाजूलाच पडलं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, असे निर्देश काढले. तेव्हा तुमच्या डबीलाही पासवर्ड ठेवा. लॉगिन तुमच्या नंबरवर आहे, शेजारच्या खोलीतल्याने काय केलं हे तुम्हाला का निस्तरायचं?

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. डबीला एकच पोर्ट असतं म्हणून मी ती सुचवतो. घरचा जुना राउटर उचलून आणू नका, आणलाच तर भिंतीतली वायर त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या, बहुधा निळ्या पोर्टातच घाला. तुर्भ्याच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने ती ‘लॅन’मध्ये घातली. घरचा राउटर त्या बाजूला आयपी पत्ते वाटायचं काम करतो. हे मॅक पत्ते नव्हेत, जाळ्यात शिरताना प्रत्येक यंत्राला तात्पुरता मिळणारा क्रमांक. त्याने प्रामाणिकपणे पूर्ण मजल्याला पत्ते वाटायला सुरुवात केली, आणि ज्याला ज्याला ते मिळाले त्याचं इंटरनेट गेलं. वायफायवाल्यांचंसुद्धा. रॅकमधला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जोडणारं यंत्र, नीट लावलेला असला तर असं पोर्ट स्वतःच अडवतो, पण तिथे ते सेटिंग कोणी केलेलंच नव्हतं. रात्री अकराला मला बोलावलं. मी रॅकमधली एकेक वायर काढत गेलो, चौदावी काढली आणि पॅसेजमधून कुणीतरी ओरडलं, “आलं!” त्या पाहुण्याला काहीच माहीत नव्हतं, तो शांत झोपला होता.

लॉगिन झालं तरी काहीच उघडत नसेल तर हॉटेलचे आयपी पत्ते आणि डबीचे पत्ते एकाच मालिकेतले आहेत का बघा. दोन्हीकडे १९२.१६८.०ने सुरुवात असेल तर डबीच्या सेटिंगमध्ये तिसरा आकडा बदलून ५० करा. आणि टॅबला थेट वायर लावल्यावर पत्ताच दिसत नसेल, तर समोरून कोणी पत्ताच दिलेला नाही. चूक तुमची नाही, रिसेप्शनला फोन करा.

खरेदीला लांब जायची गरज नाही. रिक्षाने कोपरखैरणे स्टेशन, तिथून वाशीची लोकल, तिसरं स्टेशन. स्टेशनला लागूनच रघुलीला मॉल आहे, तिथल्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या गाळ्यांत आधी विचारा. नाही मिळालं तर मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहेच, पण त्यात अर्धा दिवस जाईल. आज केबल मागून घ्या, उद्या संध्याकाळी वाशी करा आणि डबी रिसेप्शनच्या टेबलावरच लावून दिवा लागतो का ते बघून मग वर जा.