गेटचे अर्थ पाठ करू नकोस, पुढचा शब्द बघ

डिक्शनरीत इंग्रजी 'गेट' (get) या क्रियापदाचे ढीगभर अर्थ बघून घाबरलास ना, सगळ्यांचंच होतं ते, पण यादी पाठ करायच्या भानगडीत पडूच नकोस, गेटच्या पुढे काय येतंय ते बघायचं. वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं, जागा आली तर पोचणं, आणि टायर्ड, अँग्री असं विशेषण आलं की सरळ 'होणं'. आय ॲम टायर्ड म्हणजे दमलोय, आय ॲम गेटिंग टायर्ड म्हणजे दमायला लागलोय, हा फरक कानात बसायला हवा.

आता खरी गंमत, इथे आपल्याला मराठीचा फायदाच आहे कारण 'करून घेणं' आपल्याकडे आहेच की! सलूनमधून आल्यावर बरेच जण 'आय कट माय हेअर' म्हणतात, ऐकणाऱ्याला वाटतं यानं स्वतःच कात्री चालवली. 'आय गॉट माय हेअर कट' म्हण, म्हणजे केस कापून घेतले. गाडी दुरुस्त करून घेतली, कपडे शिवून घेतले, सगळं याच साच्यात बसतं, फक्त क्रियापदाचं तिसरं रूप वापर. गेटच्या पुढे वस्तूऐवजी माणूस आला, म्हणजे त्याच्याकडून काम करवून घ्यायचं असेल, तर मात्र 'टू' लागतोच, गेट हिम टू साइन, पण मेक असेल तर टू नाही, मेक हिम साइन. इथे भलेभले अडकतात.

आणि हो, बस-ट्रेनला गेट ऑन, गेट ऑफ, कार-रिक्षाला गेट इन, गेट आउट. असले जोडशब्द सुटे नको, अख्ख्या वाक्यासकट वहीत लिहीत जा.