नर्सिंगला जायचंय? आधी वॉर्डातले तास समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगबद्दलचे प्रश्न येऊ लागतात आणि दरवर्षी तेच ते असतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, की नर्सिंग म्हणजे ‘सोपं मेडिकल’. कुणी ते मावशीकडून ऐकलेलं असतं, कुणी एजंटकडून. मी नर्सिंगच्या मुलामुलींना वर्गापेक्षा वॉर्डातच जास्त शिकवलं आहे. त्यामुळे या वेळी निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्रच देते.

नीटमध्ये गुण कमी पडले. नर्सिंग एमबीबीएसपेक्षा सोपं असतं असं सगळे म्हणतात. खरंच अभ्यास किती असतो? – विद्यार्थिनी, परभणी

तुलना आधी सोड. एमबीबीएस हुकलं म्हणून नर्सिंगला आलेली मुलगी पहिल्या सहा महिन्यांत नाराज होते, कारण तिला वाटलेलं असतं ते इथे नसतं.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रांचं आहे. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची पायाभूत तत्त्वं असतात. पुढे जीवरसायन, पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मग बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती, सामुदायिक आरोग्य. इंग्रजी सोडून बाकी विषयांत पास व्हायला पन्नास टक्के लागतात. पण खरा भार विषयांचा नाही. सकाळी वॉर्ड आणि दुपारी वर्ग, हे दोन्ही एकाच दिवशी पेलावं लागतं, तो भार मोठा. पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या, दिवशी सकाळी गणवेशात हजर व्हायचं, ओव्हर (जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला दिलेली पेशंटची माहिती) ऐकायचा, बेड लावायचे, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि रक्तदाब घेऊन तक्त्यावर लिहायचं, उठता न येणाऱ्या पेशंटला स्पंजिंग करायचं, बेडपॅन द्यायचं. मग जेवून वर्गात बसायचं. रात्री वह्या लिहायच्या, केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग बुक, प्रोसिजर बुक. आठवं सत्र तर इंटर्नशिपचंच आहे, बावीस आठवडे, आठवड्याला ४८ तास, आणि त्यात नाइट ड्युटीही आली.

मागे पडणाऱ्या मुली बुद्धीने कमी असतात असं मी फारसं पाहिलेलं नाही. बहुतेकींच्या वह्या तुंबलेल्या असतात. आज पाहिलेला पेशंट आजच लिहिला नाही, तर आठवड्याने तो आठवत नाही आणि मग दुसरीची वही उतरवायची वेळ येते. महिनाभर स्वतःला पारखून पाहा. पहाटे उठून दिवसभर उभं राहून रात्री दोन पानं लिहायला जमतं का? शक्य असेल तर एखाद्या नोकरीतल्या सिस्टरशी तासभर बोल, म्हणजे निर्णय सोपा होईल.

बारावी कला शाखेतून झाली आहे. बीएस्सी नर्सिंग करता येईल का? – सांगली

नाही. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. तुला तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा पदविका अभ्यासक्रम खुला आहे. तो करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. गुणांची अट आणि सीईटीचे नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेतच पाहा, गेल्या वर्षीच्या मैत्रिणीला विचारू नकोस.

मुलांना नर्सिंगला घेतात का? गावात हसतात. – विद्यार्थी, नंदुरबार

घेतात. बीएस्सी आणि जीएनएम मुलांना करता येतं, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) मात्र फक्त मुलींसाठी आहे. काही महाविद्यालयंही फक्त मुलींची आहेत, तेवढं अर्ज भरताना तपास. अपघात विभागात आणि मनोरुग्णांच्या वॉर्डात चांगल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, किती गरज असते ते मला ठाऊक आहे. हसणाऱ्यांना हसू दे.

मराठी माध्यमातून शिकले आहे. इंग्रजी कच्चं आहे आणि गणिताची भीती वाटते. – विद्यार्थिनी, जालना

इंग्रजी येतं. पहिल्या सत्रात रडणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुली तिसऱ्या सत्रापर्यंत बिनचूक ओव्हर देताना मी पाहिल्या आहेत. रोज दहा शब्द आणि त्यांचं स्पेलिंग, एवढं आजपासून सुरू कर.

गणिताचं मात्र मनावर घे. ते फार वरचं नाही, सातवी-आठवीचं त्रैराशिक आणि दशांश एवढंच आहे. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे आणि सेट वीस थेंबांना एक मिली देणारा आहे, तर मिनिटाला किती थेंब? एक हजार गुणिले वीस, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. हे कागदावर जमायला हवं आणि वॉर्डात फोन न काढता जमायला हवं. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायची सवय आतापासून लाव. ‘.५’ लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर वाचणारी पाच वाचते आणि पेशंटला दहापट औषध जातं.

आमच्याकडे एक सर येतात. परराज्यातल्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला प्रवेश देतात. सीईटी नको, हजेरी ‘मॅनेज’ होते, फक्त परीक्षेला जायचं. मुलगी घरी राहून इथल्या दवाखान्यात कामही करू शकेल म्हणतात. शेजारच्या तालुक्यातल्या दोघींनी असं केलं आहे. पुढच्या आठवड्यात पैसे मागितले आहेत. – पालक, जि. यवतमाळ

पैसे देऊ नका. आधी हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम साधा आहे. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत किमान ऐंशी टक्के हजेरी हवी, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक वॉर्डातली प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. आजारपणात बुडलेले दिवससुद्धा भरून काढावे लागतात. मग ‘हजेरी मॅनेज होते’ याचा अर्थ काय? कुणीतरी खोटी सही करणार आहे. आणि पुढे चौकशी झालीच, तर त्या सहीपुढे नाव तुमच्या मुलीचं असेल, सरांचं नव्हे.

हा नियम इतका कडक का, ते एका उदाहरणावरून सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात एका मिलीत १००. त्या त्या ताकदीची सिरिंज वेगळी असते, चाळीसची लाल टोपीची आणि शंभरची नारिंगी. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आणि सिस्टरने चाळीसच्या बाटलीतून शंभरच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला मिळतात फक्त आठ युनिट. उलट झालं, म्हणजे शंभर ताकदीचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत घेतलं, तर जातात पन्नास. रात्री त्या पेशंटची साखर कोसळते, आणि तो झोपलाय असं समजून कुणी त्याला उठवतही नाही. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते. पण वॉर्डात चाळीस पेशंट, एक सिस्टर, रात्रीचे तीन आणि ड्रॉवरमध्ये दोन्ही सिरिंजा, अशा वेळी हात थांबायला हवा. ट्यूटर, म्हणजे वॉर्डात शिकवणारी शिक्षिका, शेजारी उभी असताना तोच हात वारंवार थांबवलेला असेल, तरच तो तेव्हा थांबतो. हे तास विकत मिळत नाहीत. जो ते विकतो आहे, तो तुमच्याच गावातल्या कुणाच्या तरी जिवावर पैसे घेतो आहे. याबाबतीत मी मवाळ बोलणार नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या दोघींचं उदाहरण देऊ नका. त्यांची नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झाली आहे का, हे विचारा. परराज्यात शिकलं तर आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंद होते, मग ती इथे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणावी लागते. नोंदणीशिवाय सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. ‘खासगीत लागल्या की हो’ असं उत्तर आलं तर नोंदणी झालेली नाही हे समजून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी सरांनी तुम्हाला सांगितली नसणार. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. एजंटच्या मागून गेलात की ही सवलतही हातची जाते. तुमची मुलगी त्यात बसते का, हे समाजकल्याण कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारून खात्री करा.

कुठलंही कॉलेज निवडताना भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर यंदाच्या वर्षाच्या यादीत त्याचं नाव आहे का ते पाहा, जुन्या वर्षाचं पत्र दाखवलं तर ते बाजूला ठेवा. महाराष्ट्रातलं बीएस्सीचं कॉलेज असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता तपासा. मग सत्र चालू असताना, सुटी नसलेल्या दिवशी सकाळी दहा वाजता, न कळवता त्या कॉलेजच्या रुग्णालयात जा. माहितीपत्रकातल्या इमारतीचा फोटो बघू नका, खाटा बघा. निकष आहे एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट. वॉर्डात पेशंट किती, गणवेशातल्या मुली किती, सोबत ट्यूटर आहे का? वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ‘या मुली रोज येतात का?’ ती जे सांगेल, किंवा सांगायचं टाळेल, त्यावरून तुम्हाला पुरेसं कळेल. आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमधल्या प्राचार्यांना भेटल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. मुलीच्या मूळ गुणपत्रिका तर कुणाच्याच हाती देऊ नका.

बसस्थानकावर ‘एक वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी’ असा फलक आहे. खरं आहे का? – बीड

नाही. मान्यताप्राप्त सर्वांत छोटा अभ्यासक्रम एएनएमचा आणि तोही दोन वर्षांचा. एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर मदतनीस म्हणून काम मिळू शकतं, परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही.

मला रक्त पाहिलं की गरगरतं. मग नर्सिंगचा विचारच सोडून द्यावा का? – विद्यार्थिनी, रत्नागिरी

नको. पहिल्या पोस्टिंगला एखाददुसरी मुलगी खाली बसतेच. उपाशी वॉर्डात जायचं नाही, गुडघे ताठ करून एका जागी उभं राहायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच खाली बसायचं आणि ट्यूटरला सांगायचं. बहुतेकींचं काही आठवड्यांत ओसरतं. रक्त न बघताही चक्कर येत असेल तर प्रवेशाआधी डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिन तपासून घे. तेही थोडं थांबून नाही, याच आठवड्यात.

लग्न झालं आहे, मुलगा दोन वर्षांचा आहे. सासूबाई पाठीशी आहेत. जीएनएम झेपेल का? – नगर जिल्हा

झेपू शकेल, पण सासूबाई पाठीशी आहेत एवढ्यावर निघू नका. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलाला कोण झोपवणार, तो तापला आणि तुमची प्रसूती विभागात पोस्टिंग असेल तर कोण थांबणार, हे यजमान आणि सासूबाई दोघांसमोर बसून ठरवा. त्या काळातल्या रजा नंतर भरून द्याव्या लागतात, हे दोघांनाही माहीत असू द्या. वयाची अट ३५ पर्यंत आहे, म्हणजे मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबणं हाही एक मार्ग आहे. वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे का, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजला विचारा. ऐनवेळी तिथेच अडतं.

मुलगी दीड महिन्यापूर्वी वसतिगृहात गेली. रोज रात्री फोनवर रडते, जेवत नाही, ‘मला जमणार नाही’ म्हणते. सगळे म्हणतात, सवय होईल. – आई, लातूर

घराची आठवण येऊन रडणं आणि जेवण सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकून महिने घालवू नका. या आठवड्यात स्वतः जा, तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा. तिने वॉर्डात पहिला मृत्यू पाहिला का, हे तिला हळुवार विचारा. पुष्कळ मुली ते घरी सांगत नाहीत, आणि कॉलेजातही त्यांच्याशी त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जगणं नको असं काही ती बोलली असेल, तर उद्याची वाट न पाहता आजच निघा, आणि तुम्ही पोचेपर्यंत तिला एकटी ठेवू नका असं वसतिगृहाला सांगा.

मी जीएनएम पहिल्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात पेशंटची वापरलेली सुई बोटाला टोचली. सांगितलं तर गुण कापतील म्हणून कुणाला बोलले नाही. पेशंटला काही नव्हतं असं वाटतं. – नाव नको

‘वाटतं’ म्हणजे तपासणी नव्हे. हे वाचून होताच ट्यूटरला सांग आणि आज जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, जा. एचआयव्हीसाठी प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करायचं असतं, मग ते २८ दिवस घ्यायचं असतं. तुझी ती वेळ गेली आहे, पण तुझ्या तपासण्या आणि हिपॅटायटिस बीचं काय करायचं हे तिथले डॉक्टर आजही ठरवू शकतात. घाबरून जाऊ नकोस, आणि आणखी एक दिवसही घालवू नकोस.

बाकीच्यांनीही लक्षात ठेवावं. सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही, लगेच कळवायचं. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणून पहिला डोस प्रवेशाआधीच घ्या. आणि सुई टोचल्याचं सांगितलं म्हणून कुठे गुण कापत असतील, तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा. त्या भीतीपायी मुली गप्प राहतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

एक संस्था प्रवेशासोबतच जर्मनीतल्या नोकरीचं हमीपत्र देते. घ्यावं का? – विद्यार्थिनी, पुणे

नाही. चार वर्षांनंतरच्या नोकरीची हमी आज कुणी देऊ शकत नाही. जर्मनीत नर्सची मागणी खरी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करारही केला. पण तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीची जर्मन भाषा लागते, आणि तुझी पदवी व प्रात्यक्षिकांचे तास तिथले अधिकारी तपासतात. इथले तास खोटे असतील तर तिथे उघडे पडतील. जायचंच असेल तर दुसऱ्या वर्षापासून भाषेचा वर्ग लाव. चौथ्या वर्षी कुठल्याही एजंटला भेटण्याआधी त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपास, आणि करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखव.