'आमचा एजंट' म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न असा आहे: पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेताना जो माणूस घरं दाखवतो, त्याला 'आमचा एजंट' म्हणावं की 'दलाल'? 'दलाल' अपमानाचा वाटतो, तर त्याला चांगला मराठी शब्द कोणता?

चांगल्या शब्दाचं नंतर बघू, आधी त्या 'आमचा'चं बघू. घर घेणारा जो तो हल्ली बिनदिक्कत सांगतो, 'मालकाशी आमचा एजंट बोलतोय.' तो तुमचा झाला कधी? फ्लॅटची किल्ली त्याच्याकडे मालकाने दिली आणि सौदा झाला की तो बहुतेक वेळा दोघांकडूनही टक्का-दोन टक्के घेतो. ८० लाखांच्या फ्लॅटवर तुमच्याकडून एक टक्का म्हणजे ८० हजार. तुम्ही पाच लाख उतरवून घेतलेत तर त्यातले त्याचे जेमतेम पाच हजार जातात. सौदा फिसकटला तर सगळेच जातात. त्याचा जीव सौदा जुळण्यात असतो, मग तो कोणत्या का भावाला जुळेना.

'दलाल' या शब्दात हेच भरलेलं आहे. अरबीत 'दल्ल' म्हणजे वाट दाखवणं. त्यावरून 'दल्लाल', विकणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला माल दाखवणारा. हिंदीत रोज कानावर येणारा 'दलील' त्याचाच सख्खा भाऊ: मूळ अर्थ वाटाड्या, मग पुरावा, मग युक्तिवाद. काही हौशी मंडळी 'दलाल'चं मूळ संस्कृत 'दल' म्हणजे गट यात शोधतात. त्यांनी शब्द पार उलटा केला! दलालाला दल नसतं, हीच तर त्याची ओळख.

दल असतं ते वकिलाला. 'वकील'ही अरबीच; ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते, ते काही कोर्टात उभे राहत नव्हते. पेशव्यांच्या वतीने बोलत होते. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक', म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, केलं आणि महादजी शिंद्यांकडे त्यांची नायबी आली, तेव्हाही अर्थ तोच, फक्त वतीने चालायचा तो बादशहाचा कारभार. इंग्रजी कायद्यातला 'एजंट' हाच आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १८२ उघडून पाहा: दुसऱ्यासाठी काम करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहारात त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेला माणूस. म्हणून दलाल, अडत्या, मध्यस्थ, एजंट हे शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून छापणाऱ्या कोशांवर माझा राग आहे. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, म्हणून अडत्या काही खरेदीदाराचा माणूस झाला नाही. पैसे कोण देतो यावरून माणूस कोणाचा ते ठरत नाही.

२०१६ च्याच रेरा कायद्याने, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, मात्र गोंधळ घातला. त्यातल्या एजंटच्या व्याख्येत आधी एका माणसाच्या वतीने बोलणी करणारा येतो, म्हणजे वकील. आणि त्याच वाक्यात पुढे घेणाऱ्या-विकणाऱ्यांची गाठ घालून देणाराही येतो, म्हणजे दलाल. त्यामुळे नुसत्या रेरा नोंदणीवरून तो कोणाच्या वतीने बोलतो ते कळत नाही. नव्या इमारतीत बिल्डरला गिऱ्हाइकं आणून देणारा 'चॅनेल पार्टनर' त्यापेक्षा स्पष्ट. साइट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये 'कोणामार्फत आलात' या रकान्यात त्याचं नाव लिहिलंत की त्याची दलाली बिल्डरकडे जमा झाली. पार्टनर आहे, पण बिल्डरचा.

आता 'दलाल' नासला कसा? लोक दलालीकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. पैसे डॉक्टरही घेतो. माझं ठाम मत आहे की हा शब्द नासला तो गुप्त बोलीमुळे. आपल्याकडे व्यापारी-दलालांची नंदभाषा होती: अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, अंगुळू दहा. गुरांच्या बाजारात तर तोंडही उघडायचं नाही, उपरण्याखाली बोटं दाबून भाव व्हायचा. आपल्यादेखत, आपल्याच पैशाचा भाव ठरतोय आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही, याची चीड गिऱ्हाइकाच्या मनात साठली आणि ती शब्दाला चिकटली. 'अभिकर्ता' हा सरकारी शब्द आणून ती धुतली जाणार नाही. शिवाय तो शब्द वकिलाच्या अर्थाचा, दलालाला लावलात तर पुन्हा तीच चूक.

नंदभाषा संपलेली नाही. फ्लॅटच्या दलालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'साइड बाय साइड' असं लिहिलेलं दिसतं: मालकाच्या बाजूचा दलाल मालकाकडून घेणार, गिऱ्हाइकाच्या बाजूचा गिऱ्हाइकाकडून. अशा सौद्यात तुमच्या बाजूचा दलाल फक्त तुमच्याकडून घेत असेल आणि तसं लेखी ठरलं असेल, तर 'आमचा' म्हणायला थोडी जागा आहे.