देशाच्या कार्बन उत्सर्जनावरून त्याच्या मालावर कर लावणं योग्य आहे का? भारताने काय करावं?

प्रश्नातच थोडा घोळ आहे. युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा त्यांचा कार्बन कर, लागतो तो मालावर. टनभर माल बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्यावर हिशोब. देश मधे येतो तो तुम्हाला स्वतःचा आकडा देता आला नाही तर. मग तुमच्या देशाची सरासरी धरतात आणि वर आणखी थोडी चढवतात. सुक्याबरोबर ओलं जळतं ते तिथे. हे मला पेपर वाचून कळलेलं नाही, आमच्या घरात यावरून अजून धुमसतंय.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमचं नट-बोल्टचं युनिट आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मोठे दीर बघतात. हिशोब, जीएसटी आणि एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडे. 2023 च्या डिसेंबरात जर्मनीच्या ग्राहकाचा मेल आला, सोबत भलंमोठं एक्सेल. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आलेल्या मालाचा कार्बन भरून पाठवा, आम्हाला 31 जानेवारीच्या आत रिपोर्ट टाकायचा आहे. भाऊजींनी मेल उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "छपरावर सोलर लावलंय ना आपण? शून्य लिही आणि पाठवून दे."

ते सोलर म्हणजे भाऊजींचा जीव की प्राण. कर्ज काढून लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिडी लावून वर नेऊन दाखवतात. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा पैसा कच्च्या मालात घाला. "तुला शॉप फ्लोअरमधलं काय कळतं" हे उत्तर मिळालं होतं.

उत्तरायणाचे दोन दिवस सगळं घर गच्चीवर. वर "लपेऽऽट" चालू, तिळगूळ, उंधियू, जिलेबी, आणि मी खाली गॅसची बिलं मांडून बसलेली. आमच्याकडे वायर रॉडची कॉइल येते, ती ओढून बारीक होते, हेडिंगला डोकं पडतं, आटे रोल होतात, मग गॅसच्या भट्टीत हीट ट्रीटमेंट आणि शेवटी झिंक. भट्टीचा गॅस बिलावरून निघाला. कॉइलचं काय? सप्लायरच्या टीसीवर, म्हणजे मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर, हीट नंबर, कार्बन, मँगनीज सगळं असतं, पण तो कार्बन पोलादातला. हवेत गेलेला कुठे लिहिलेला नसतो. फोन केला तर म्हणाले, "बेन, ए बधुं अमारे त्यां ना मळे." बरं, सुरुवातीच्या रिपोर्टांना युरोपियन कमिशनचे ठोकळ आकडे चालत होते, म्हणून निभावलं.

एक्सेलने जे दाखवलं त्याची प्रिंट मी अजून कपाटाला चिकटवून ठेवली आहे. एकूण कार्बनात आमची भट्टी, गॅस सगळं मिळून शंभरात पाचसुद्धा नाही. बाकी सगळं कॉइलबरोबर आलेलं, म्हणजे आमच्या दारात गाडी लागायच्या आधीच झालेलं. आणि सोलर? रिपोर्टात विजेचा रकाना होता, पण 2026 पासून पोलादाच्या मालाला जो प्रत्यक्ष भार लागतो त्यात वीज धरतच नाहीत. थेट जे जळलं तेवढंच. म्हणजे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून केलेला रॉड घेतला तर आकडा धाडकन खाली, आणि कोळशावरच्या स्पंज आयर्नचा (खनिजातून न वितळवता काढलेलं कच्चं लोखंड) घेतला तर वर. स्पंज आयर्नमध्ये आपण जगात पहिले, आणि त्यातलं बरंचसं कोळशावरचं. किलोला दोन रुपये वाचतात म्हणून भाऊजी वर्षानुवर्षं कुठला रॉड घेत होते, हे सांगायला नको.

न्यायाचं म्हणाल तर हा कर अन्यायच आहे. आपलं माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, युरोपचं त्याच्या दुपटीहून जास्त. दीडशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झाले आणि आता आमच्या बोल्टाला वजनकाटा लावतात. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे 1992 च्या हवामान करारात त्यांनीच सही करून मान्य केलंय. भाऊजी हे भाषण माझ्याहून छान करतात. पण ग्राहकाच्या एक्सेलमध्ये भाषणाचा रकाना नाही.

भारताने काय करावं? इथेच कार्बनला किंमत लावावी. मूळ देशात भरलेली किंमत सीबॅममधून वजा होते, मग तो पैसा ब्रसेल्सला कशाला जाऊ द्यायचा? 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना अधिसूचित झालीय, ती नीट राबवली तर उपयोग.

हो, हेही सांगायला हवं: तुमचा युरोपातला आयातदार वर्षाला 50 टनांपेक्षा कमी असला माल आणत असेल तर तो यातून सुटलेला आहे. 2025 च्या ऑक्टोबरात तशी सूट आली. आणि हा कर आयातदार सर्टिफिकेटं विकत घेऊन भरतो; 2026 च्या मालासाठीची 2027 च्या फेब्रुवारीपासून विकायला येणार. तिथल्या कारखान्यांना मिळणारे कार्बन सोडायचे फुकटचे परवाने 2034 पर्यंत हळूहळू बंद होतील, तसा भार वाढत जाईल. म्हणजे उद्याच कारखाना बंद पडेल असं काही नाही. सोलरने आमचं विजेचं बिल उतरलंय हेही खरं, ते मी नाकारत नाही.

तुमचा बोल्टासारखाच माल असेल तर रॉडच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) एक ओळ टाका: टीसीबरोबर रॉड कुठल्या भट्टीचा आणि टनामागे उत्सर्जन किती, हे लेखी द्यावं. मी टाकते. भाऊजींनी आतापर्यंत ती दोनदा खोडली आहे.