उत्तर: सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे ०.८ मिमीचे बिट संध्याकाळीच काऊन मोडतात

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् आमचं जुनं दुखणं वर आलं. पीसीबीला (सर्किट बोर्डाला) सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, भोकं पाडताना दिवसा कार्बाइड बिट नीट चालतात, संध्याकाळी त्याच मशीनवर त्याच प्रोग्रामला पटापट मोडून राहिले, अन् सगळे तुम्हाला कॉलेट (बिट धरणारी पकड) बदला, चायना बिट फेका सांगून राहिले. कॉलेटच वाकडं असतं तं सकाळीही बिट मोडलं असतं ना. बोर्ड पक्का दाबणं, खाली एमडीएफ (लाकडी भुशाची पाटी) देणं हे तुम्ही करतच असाल.

तुमचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) २३० व्होल्टवरचा राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं हातमशीन, आहे म्हणता, म्हणजे ब्रशवाली मोटर. व्होल्टेज पडलं की ती मंदावते. पण झेडचा स्टेपर (बिट खाली-वर नेणारी मोटर) एसएमपीएसवर, म्हणजे व्होल्टेज थोडं पडलं तरी ठरलं तेवढंच डीसी देणाऱ्या सप्लायवर, त्याला काही फरक नाही, तो ठरल्या वेगानं बिट खाली रेटतच राहते. हिशोब करा, २०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) अन् मिनिटाला ४०० मिमी फीड (बिट खाली जायचा वेग) म्हणजे दर फेऱ्याला ०.०२ मिमी. आरपीएम १२,००० वर आलं अन् फीड तोच, तं ०.०३३ मिमी. एका फेऱ्यात जास्त माल कापायचा म्हटल्यावर दाबही वाढते अन् पीळही. त्यात बिटच्या टोकाच्या मधोमध वेग जवळपास शून्य, तिथं कापणं कमी अन् रेटणंच जास्त, अन् एफआर-४ (काच अन् इपॉक्सीचं बोर्ड) मधली काच धार खाऊन टाकते तं दाब अजून वाढते. व्यास अर्धा केला की पीळ सोसायची ताकद आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून ०.४ चं तं विचारूच नका.

आमच्याकडं गावठाण अन् शेतीच्या मोटारी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर). हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की मीटरवर १७० व्होल्ट दिसे. वीज ऑफिसचं नाव घेत नाही, पण अर्ज दिला तं म्हणे घरातली वायरिंग पाहा. वायरिंग नवीनच होती. मंग माणूस आला तो सकाळी, मोटारी बंद असताना, २२८ पाहून सही घेऊन गेला. संध्याकाळी या म्हटलं तं ड्युटी संपते म्हणे. पुढं ऑनलाइन तक्रार टाकली, कोणी न येता "निवारण झाले" असा मेसेज आला, राजेहो! तोवर स्टार्टरच्या ऑटो स्विचच्या बोर्डाची ऑर्डर हातची गेली, कारण अर्ध्या बोर्डांचे पॅड (भोकाभोवतीचं तांबं) उचकटले होते अन् गिऱ्हाईक काही डीपी पाहायला येत नाही. डीपी अजून तोच आहे, बरं का.

म्हणून माझं मत, ऑफिसच्या भरवशावर राहूच नका. पाचदहा मिनिटं मल्टीमीटर लावून लोडवर व्होल्टेज पाहा, जमलं तं लेझर टॅकोमीटरनं आरपीएम. मंग एसएमपीएसवर चालणारा डीसी स्पिंडल घ्या, चांगला सप्लाय लाइनचं व्होल्टेज साधारण १८० पर्यंत पडलं तरी आउटपुट सांभाळते, त्याखाली जात असेल तं मागं स्टॅबिलायझर लागेलच. नुसता रिलेवाला (टप्प्याटप्प्यानं व्होल्टेज बदलणारा) स्टॅबिलायझर राउटरला लावू नका, टप्पा बदलताना झटका देते अन् नेमकं तेव्हाच बिट भोकात असते. हे माझ्या मशीनचं सांगतो, तुमच्या राउटरमधे स्पीड पकडून ठेवणारं सर्किट असेल तं थोडंफार निभते.

अन् संध्याकाळी फीड खूप कमी करून वेळ मारून नेऊ नका. बिट कापण्याऐवजी घासते, गरम होते, इपॉक्सी चिकटते, धार लवकर जाते. आरपीएम जेवढं पडलं त्याच प्रमाणात फीड कमी करा, त्याहून जास्त नाही.

हाताच्या स्टँडवर भोकं पाडत असाल तं बोर्ड इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवून पाहा, शंभर ग्रॅम म्हणजे साधारण एक न्यूटन, नवं बिट अन् शंभर-दोनशे भोकं झालेलं बिट यातला फरक काट्यावर दिसते. सीएनसीवर नाही जमत, काट्यानं आकडा दाखवायच्या आधीच भोक संपते. एकदोनच बोर्ड असले तं हायलमचं (कागदाचं, काच नसलेलं) शीट वापरा, एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) बिटही चालते. काचेची धूळ मात्र फुंकून उडवू नका, व्हॅक्यूम लावा, मास्क घाला.