जाड पाईप घातला म्हणजे शाफ्ट सुरक्षित झाला?

दिवाळी झाली की ऊसगाड्यांचे शाफ्ट माझ्या टेबलावर येतात. ते दुखणं मला पाठ आहे. यंदा मात्र वेगळीच पत्रं येतायत. पिकअपचं इंजिन ट्यून केलंय, टर्बो वाढवलाय, आता ट्रॅकवर पळवायची आहे, तर शाफ्ट कुठला घालू? गावं निरनिराळी, पण गोंधळ तोच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

प्रॉपेलर शाफ्ट आणि ड्राइव्हशाफ्ट एकच का? (मोहोळ)

गिअरबॉक्सपासून मागच्या हाऊसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्यापर्यंत जातो तो प्रॉपेलर शाफ्ट. ड्राइव्हशाफ्ट म्हटलं की दुकानदार कधी तो काढून देतो, कधी चाकाकडचा, म्हणून मागताना जागा सांगा.

माझ्या पिकअपचा शाफ्ट एकाच तुकड्याचा, १,५०० मिमी लांब आहे. पाईप बाहेरून ७६ मिमी, जाडी २ मिमी. हाऊसिंगचा रेशो ४.३, टायरची उंची ७२० मिमी. ट्रॅकवर १६० गाठायचे आहेत. मिस्त्री म्हणतात, ४ मिमी जाडीचा पाईप घाला, बापजन्मात काही होणार नाही. (बार्शी)

मापं पाठवलीत, बरं केलंत. बाकीचे नुसता फोटो पाठवतात.

मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे. पहिल्या गिअरमध्ये एकदम क्लच सोडल्यावर जो पीळ बसतो, तो जाड पाईप जास्त सोसतो. पण तुम्ही विचारताय वेगाबद्दल, आणि तिथे पाईपची जाडी जवळजवळ कामाची नाही. सोलापुरात संक्रांतीला नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्या माणसाला विचारा. काठी बुडाशी कितीही घट्ट धरली तरी वर डुलते, आणि जितकी उंच तितकी जास्त. शाफ्टचं तेच. फिरताना तो मधोमध किंचित वाकतो. ठरावीक फेऱ्यांना हा वाक आवरत नाही आणि उड्यांच्या दोरीसारखा पाईप बाहेर फेकला जातो. या फेऱ्यांना क्रिटिकल स्पीड म्हणतात. लांबी दुप्पट केली की हा आकडा चौपटीने खाली येतो. पाईपचा व्यास वाढवला की वर जातो. जाडी वाढवली तर ताठपणाबरोबर वजनही वाढतं, हिशेब जिथल्या तिथे.

तुमच्याच मापांवर मांडतो. १६० किमीला चाक मिनिटाला साधारण १,१८० फेरे घेतं. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ४.३ वेळा फिरतो, तुमचा रेशो तो हाच. म्हणून गुणिले ४.३, म्हणजे शाफ्टचे सुमारे ५,०७० फेरे. तुमच्या २ मिमी पाईपचं क्रिटिकल स्पीड येतं ५,६०० च्या आसपास. मिस्त्रींच्या ४ मिमी पाईपचं? ५,५००! पैसे जास्त घालून आकडा खाली आला. त्यातही हे कागदावरचं गणित आहे. पाईपचा किंचित बाक, शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला जो अधिक-चिन्हासारखा तुकडा, त्या क्रॉसमधला खेळ, गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगचा लवचीकपणा यांमुळे खरा आकडा आणखी खाली असतो. म्हणून मी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर कुणालाच जाऊ देत नाही. तुमच्या शाफ्टचे पंचाहत्तर टक्के म्हणजे ४,२००, म्हणजेच ताशी १३० च्या जरा वर. १६० ला तुम्ही नव्वद टक्क्यांवर असाल. तिथे फुटबोर्डाखाली काय फिरतंय याची कल्पना करा.

आणखी एक ऐकीव गोष्ट: ‘इंजिन ४,००० वर आहे म्हणजे शाफ्टही ४,००० वर.’ अजिबात नाही. वरचा गिअर ओव्हरड्राइव्हचा असेल तर शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. ०.८ चा गिअर असेल तर ४,००० ला शाफ्ट ५,००० वर. हिशेब टायर आणि हाऊसिंगवरून करायचा, मीटरमधल्या काट्यावरून नाही.

मग उपाय दोन. पाईप १०० मिमी व्यासाचा आणि अडीच मिमीचा घेतला तर क्रिटिकल स्पीड ७,४०० च्या आसपास जातं आणि तुमचे ५,०७० पंचाहत्तर टक्क्यांच्या आत बसतात, फक्त चेसिसच्या क्रॉस मेंबरखालून, म्हणजे आडव्या पट्टीखालून, तो मोकळा फिरतो का ते सस्पेन्शन पूर्ण दाबून बघावं लागेल. नाहीतर दोन तुकड्यांचा शाफ्ट करून मधे सेंटर बेअरिंग द्यायचं. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांत काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. लाईनशाफ्टला दर काही हातांवर बेअरिंग असे, ते हौस म्हणून नव्हे. पण सेंटर बेअरिंगचं रबर सैल असेल तर फायदा अर्धाही मिळत नाही. यातलं काय करायचं ते गाडी खालून पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि तोपर्यंत ट्रॅकचं नाव काढू नका. युरोपात भल्यामोठ्या ट्रकच्या शर्यती होतात, तिथेही नियमाने १६० च्या वर जाऊ देत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर? (अक्कलकोट)

एवढ्याच व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाईप घालून क्रिटिकल स्पीड वाढत नाही. ताठपणा आणि वजन दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. फायदा होतो तो हलका असल्यामुळे मोठा व्यास घेता येतो म्हणून. वेल्डिंगजवळ त्याची ताकद उतरते, तेव्हा गल्लीतल्या वेल्डरकडून ते काम नकोच. कार्बन फायबर खरोखर चांगला, पण तो नेमक्या लांबीचा बनवून घ्यावा लागतो आणि गरम सायलेन्सरच्या कडेने नेता येत नाही. बाजारात स्टीलच्या पाईपला कार्बनचा कागद गुंडाळून विकतात. नखाने कोपरा उचकटून बघा.

९० ते १०० च्या दरम्यान गाडी थरथरते, वर-खाली नाही. टायर बॅलन्स केले. दुकानदार म्हणाला, नवा शाफ्ट आहे, ‘पळवला की बसेल’. (पंढरपूर)

शाफ्ट पळवून बसत नाही, क्रॉस मात्र बसतो, म्हणजे कामातून जातो! किती दिवस झाले हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालतो की बरेच झाले.

मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून बघा. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही. मग शाफ्ट उतरवून आणा. क्रॉसला धरणारा दुबेळका म्हणजे योक, आणि दातांवर आत-बाहेर सरकतो तो स्लिप योक. तो काढून पुन्हा घालताना एक दात पुढे-मागे बसला की दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत, आणि एका फेऱ्यात दोनदा धक्का बसतो. म्हणून उतरवण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढायची. फुकटचं काम, कुणी करत नाही. क्रॉस उघडला की त्याच्या पायांवर नख फिरवा. पायांवरच्या टोपीत बेअरिंगच्या सुया असतात, त्या सुयांच्या अंतरावर बारीक बारीक खाचा लागल्या तर क्रॉस गेलाय. टोपीभोवती तांबडी पूड दिसली तर तो कोरडाच फिरत होता.

आणि बॅलन्स केल्याच्या स्टिकरवर विसंबू नका. असाच हिरवा स्टिकर लावलेला एक शाफ्ट मी स्वतः एका दुकानातून आणला होता. मशिनवर चढवला तर टेबलावरचा पाना नाचायला लागला. किती फेऱ्यांवर बॅलन्स केला आणि आयएसओच्या बॅलन्सच्या जी १६ श्रेणीत बसतो का, हे लेखी मागा. देत नसतील तर पैसे देऊ नका.

मागे ब्लॉक घालून गाडी दोन इंच उचलली. शाफ्टला काही करावं लागेल? (मंगळवेढा)

हो. उंची बदलली की क्रॉसचा कोन बदलतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि वेगात पळणाऱ्या गाडीला तीन अंशांच्या आत. शून्यही नको, सुया एकाच जागी राहून खाच पाडतात. गाडी आणा, मोजू.

सेफ्टी लूप लावावाच का? भंगारातला शाफ्ट कापून चालेल? (विजापूर रोड, सोलापूर)

लूप, म्हणजे शाफ्ट सुटला तर त्याला अडवणारं कडं, लावाच. सहा मिमी जाड, पन्नास मिमी रुंद पट्टी, पुढच्या क्रॉसपासून दीडशे मिमीच्या आत. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. भंगारातला चालणार नाही.

हे सगळं करून पुणे रोडवर चालवली तर? (कुर्डुवाडी)

चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा आहे, आणि मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आधी आरटीओत विचारा, मग माझ्याकडे या.

पुढच्या वेळी लिहिताना क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी, पाईपचा बाहेरचा व्यास, हाऊसिंगचा रेशो आणि टायरवरचा आकडा एवढं पाठवा. लांबी गाडी जमिनीवर उभी असताना मोजा, जॅकवर नाही.