जुनी इनोव्हा क्रिस्टा घ्यावी की नवी हायक्रॉस? (घरात सहा माणसं, राहणं पुण्यात, अधूनमधून कोकणात गावी)

पुण्यातच जास्त फिरणार असाल आणि बजेट ताणता येत असेल तर हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी, दोन्हीवर चालणारी). सिग्नलला रांगत जाताना ती बरीचशी बॅटरीवर चालते, त्यामुळे शहरातच तिचा खरा फायदा. कागदावर मायलेज लिटरला 23.24 किलोमीटर आहे; प्रत्यक्षात तेवढं धरू नका. तिसऱ्या रांगेत मोठी माणसंही नीट बसतात, क्रिस्टात तिथे जागा तुलनेने कमी. फक्त साधी पेट्रोल हायक्रॉस घेऊ नका, तिच्यात ती गंमत नाही.

क्रिस्टा 2016 ची पिढी. लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखा दणकट सांगाडा), मागच्या चाकांना ताकद, डिझेल इंजिन. गावाकडचा रस्ता खडबडीत, वर सामान आणि माणसं भरून घाट चढायचा, तर हिला तोड नाही. हायक्रॉसमध्ये डिझेल मिळतच नाही.

पण जुनी क्रिस्टा घेताना डोळे उघडे ठेवा. यातल्या कितीतरी गाड्या आधी टुरिस्टला धावलेल्या असतात. पिवळी पाटी काढून पांढरी केलेली असेल तर आरटीओच्या नोंदीत दिसतं, ते तपासाच. मीटर साठ हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची बाजू दबलेली, तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो, सरळ निघून या. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल असेल आणि गाडी फक्त शहरात फिरली असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) अवस्थाही मेकॅनिककडून पाहून घ्या.

2005 ची पहिली इनोव्हा? दणकट आहे, पण आता घरच्या वापरासाठी नको.